पासवर्ड कोणाला दिलायस?

दिवाळीला भाचा आला होता. टीव्हीवरचं एक अ‍ॅप मधेच गोल गोल फिरत बसायचं, म्हणून रिमोट त्याच्या हातात दिला आणि मी फराळाच्या ताटल्या भरायला आत गेले. बाहेर आले तर साहेब सोफ्याच्या कडेवर बसून पडदा वाचतायत. वेगवेगळ्या अ‍ॅपांवर आपण जे जे अर्धवट सोडलं असेल, ते सगळं हा नवा टीव्ही पहिल्याच पानावर ओळीने मांडून ठेवतो. त्या ओळीत ‘चेर्नोबिल’ होतं, त्याला खेटून ‘हास्यजत्रा’, मग ‘ब्योमकेश बक्षी’, ‘सीआयडी’चा कुठलातरी जुना भाग, एक कोरियन मालिका आणि ‘रात्रीस खेळ चाले’. “मावशी, पासवर्ड कोणाकोणाला दिलायस?” त्याने विचारलं. कोणालाच नाही, म्हटलं. “म्हणजे हे सगळं एकच माणूस बघतंय?” चकली मोडत तो खदाखदा हसला, अ‍ॅप ठीक केलं आणि जाता जाता माझ्या यादीत स्वतःच्या पसंतीच्या चार ‘चांगल्या’ मालिका टाकून गेला. त्या मी अजून उघडलेल्या नाहीत. राग आला असं नाही, पण रात्री भांडी आवरताना ते डोक्यातून जाईना. त्या ओळीत एवढं हसण्यासारखं काय होतं?

आमच्याकडे डोंबिवलीला टीव्ही आला तेव्हा ‘तुला काय आवडतं’ असं कोणी कोणाला विचारत नव्हतं. लागेल ते बघायचं. शेतीशी आमचा संबंध गॅलरीतल्या तुळशीपुरता, तरी ‘आमची माती आमची माणसं’ लागलं की कपाशीवरच्या किडीची माहिती आम्ही मन लावून ऐकायचो. ‘गजरा’ बघायचो, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये कोणी मोठा माणूस हळू आवाजात बोलत असेल तर तेही बघायचो, आणि पुढच्या आठवड्यात काय आहे ते सांगणारी ‘साप्ताहिकी’सुद्धा एखाद्या स्वतंत्र कार्यक्रमासारखी बघायचो. वीज गेली की शेजारच्या इमारतीतली वीजही गेली आहे ना, हे आधी तपासायचं आणि मग निवांत व्हायचं. एकच चॅनल असण्याचे तोटे पुष्कळ होते, त्याचं गुणगान मला करायचं नाही. कंटाळवाणे तासच्या तास आम्ही त्या पेटीसमोर घालवले आहेत. पण अमुक प्रकार आपला आणि तमुक आपला नाही, असं वाटायची सवय मात्र त्यात लागली नाही ती नाहीच.

‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं आणि जून १९९० पर्यंत चाललं. रविवारी सकाळी रस्ते कसे ओस पडायचे ते सगळ्यांनी सांगून झालं आहे. मला आठवते ती आमची आजी. ती कीर्तनं ऐकत मोठी झालेली, महाभारत तिला पाठ होतं. कृष्णाचं काम करणारा नितीश भारद्वाज हा जनावरांचा डॉक्टर आहे हे कळल्यावर तिला ती निवड फारच पटली होती. गाईगुरांची काळजी घेणाराच कृष्ण हवा, म्हणाली. द्यूताचा भाग लागला तेव्हा ती पाटावरून उठून टीव्हीच्या जवळ जाऊन बसली. शकुनीने फासे हातात घोळवले की, “अरे नको रे, उठ तिथून,” असं धर्मराजाला अगदी काकुळतीला येऊन सांगायची. मला हसू यायचं. पुढे काय होणार ते ठाऊक असताना ही ओरडते कशासाठी? आणि इतक्या वर्षांत युधिष्ठिर एकदाही पटावरून उठलेला नाही, तर या रविवारी कसा उठेल?

मार्च २०२० च्या अखेरीला सगळं बंद असताना दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवायला घेतलं तेव्हा ते आम्ही सगळ्यांनी मिळून परत पाहिलं. आता हवेत एकमेकांवर आपटून विझणारे बाण दिसत होते, मुकुटांची टिकली-टिकली दिसत होती, युद्धात लांबवर तेच दहा-बारा घोडे फिरून येतात हेसुद्धा दिसत होतं. आणि तरी, राही मासूम रझांचे ते संवाद सुरू झाले, गुफी पेंटलचा शकुनी लंगडत सभेत आला, फासे घोळवले, आणि माझ्याच तोंडून “उठ ना” निघून गेलं. लेकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

बाबांचं प्रकरण वेगळं. ते बँकेत होते आणि घरी आल्यावर त्यांना आवाज नको असायचा, त्यामुळे टीव्हीशी त्यांचं फारसं जमलं नाही. अपवाद ‘ब्योमकेश बक्षी’चा. १९९३ साली बासू चॅटर्जींनी ते दूरदर्शनसाठी केलं तेव्हा मी कॉलेजात होते. रजित कपूरचा ब्योमकेश धोतर-सदऱ्यात, के. के. रैनांचा अजित शेजारच्या खुर्चीत, एखादी जुनी खोली, चहा, आणि बसून बोलणारी माणसं. पाठलाग नाहीत, ढणढण संगीत नाही. स्वतःला तो गुप्तहेरसुद्धा म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. बाबा पहिल्या काही मिनिटांतच गुन्हेगार ठरवून टाकायचे आणि तो क्वचितच बरोबर निघायचा. पण त्यांना त्याचं काही नसायचं. “याचा हिशेब जुळत नाही,” एवढंच म्हणायचे, पेढीवरच्या माणसाने म्हणावं तसं. ती मालिका मी नंतर कितीतरी वेळा पाहिली आहे. खुनी कोण ते माहीत झाल्यावर रहस्यकथेत काय उरतं, असं लोक विचारतात. मला वाटतं खरी मजा तिथेच सुरू होते. पहिल्यांदा आपण ब्योमकेशकडे बघतो. दुसऱ्यांदा खुन्याकडे बघायचं. पहिल्या प्रसंगात तो कप कसा उचलतो, नाव घेतल्यावर किती पटकन हसतो, कुठे गरजेपेक्षा एक वाक्य जास्त बोलतो. चांगल्या नटाने ते सगळं आधीच करून ठेवलेलं असतं, आपण तेव्हा भलतीकडे बघत असतो.

आणि ‘सीआयडी’ म्हणजे ब्योमकेशचं अगदी दुसरं टोक. १९९८ ते २०१८, सलग वीस वर्षं, आणि मग २०२४ च्या डिसेंबरात परत हजर! तिथे संशयाला वावच नाही. दार बंद आहे ना, मग दया ते तोडणार. डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेत कुठल्यातरी रंगाचं पाणी दुसऱ्या रंगाच्या पाण्यात पडणार आणि खुन्याच्या चपलेचा नंबर कळणार. शिवाजी साटम बोटं फिरवत काहीतरी गडबड असल्याचं सांगणार, शेवटी एक कानाखाली बसणार आणि गुन्हेगार स्वतःच सगळं पहिल्यापासून समजावून देणार. शिवाजी साटम आधी बँकेत नोकरीला होते हे बाबांना कळलं त्या दिवसापासून त्यांनी या मालिकेवर टीका करणं थांबवलं. “आपल्यातला माणूस आहे,” म्हणाले, जणू एसीपी प्रद्युम्न अजूनही संध्याकाळी खतावण्या जुळवून घरी जात असावेत. आम्ही त्या मालिकेला हसत हसत बघायचो, पण एक भाग चुकवायचो नाही. बरं, ती माणसं आळशी नव्हती. २००४ मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग कुठेही न तोडता एका दमात चित्रित केला होता. दार तोडण्याची थट्टा करणाऱ्यांना हे सहसा आठवत नाही.

आता खरं दुखणं.

‘सीआयडी’ बघतो असं सांगताना कोणाला ओशाळल्यासारखं वाटत नाही. उलट लोक डोळे मिचकावून सांगतात, त्यावर विनोद करतात, बालपण वगैरे आठवतात. पण ‘संध्याकाळची मराठी मालिका बघते’ असं म्हणा, समोरच्याचा चेहरा बघा. “आम्ही नाही बाई मालिका बघत,” हे वाक्य आमच्या सोसायटीत इतक्या वेळा ऐकलंय, आणि तेच वाक्य म्हणणाऱ्या बाईंना पुढच्या पाच मिनिटांत अमकीच्या सासूने दागिने कुठे लपवले तेही ठाऊक असतं. पुरुष तर “ती लावते, कानावर पडतं” असं म्हणून मोकळे. कानावर पडलेल्याचा एवढा तपशील! एका लाथेत सागवानी दार मोडतं हे आपण कौतुकाने पचवतो, आणि भरजरी साडी नेसून झोपणारी बाई दिसली की आपली वास्तवाची जाण जागी होते. हे मला कधी कळलेलं नाही. म्हणजे कळतं, पण ते कारण चांगलं नाही. एक गोष्ट ऑफिसातून दमून आलेल्या माणसाची करमणूक मानली जाते आणि दुसरी पोळ्या लाटता लाटता बघितली जाते, एवढाच काय तो फरक.

‘आभाळमाया’ अल्फा मराठीवर १९९९ मध्ये सुरू झाली. सुकन्या कुलकर्णीची सुधा जोशी, प्राध्यापक. मनोज जोशींचा शरद, तिचा नवरा. आणि त्या नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण. आमच्या घरात अशा गोष्टींवर बोलायची पद्धत नव्हती. नात्यात असं एक प्रकरण झालं होतं, त्याबद्दल मोठी माणसं आत जाऊन, दार लोटून बोलायची. पण सुधाबद्दल आई मोकळेपणी बोलायची. भेंडी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता. एकदा म्हणाली, “तिला स्वतःचा पगार आहे म्हणून तिला निदान विचार तरी करता येतोय.” सुरी थांबली नाही, आवाज चढला नाही, पण आईच्या तोंडून मी तसलं वाक्य त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ती कोणाबद्दल बोलत होती, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. सुधाबद्दल, त्या नात्यातल्या बाईबद्दल, की आणखी कोणाबद्दल. विचारायची हिंमत झाली नाही, आणि मालिका चालू होती म्हणून विचारायची गरजही पडली नाही.

याचा अर्थ सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ला सुरू झाली आणि २०१३ पर्यंत तीन हजारांवर भाग करून थांबली. रोहिणी हट्टंगडींसारखी नटी समोर असूनही मधल्या काही वर्षांत मालिकेत इतकं पाणी घातलं गेलं की भाजी आणायला जाऊन आलं तरी गोष्ट तिथेच उभी असायची. आजही एक थप्पड तीन बाजूंनी दाखवतात, तिच्यावर सातजणांचे चेहरे फिरतात, तोवर जाहिराती येतात. सण आला की सगळ्या मालिकांत तोच सण, आणि प्रोमोत दाखवलेला स्फोटक प्रसंग स्वप्न निघतो. यावर मी चिडते, मोठ्याने बोलते, आणि बघते. पण आठवड्याचे सहा-सात दिवस रोज वीस-बावीस मिनिटांची गोष्ट पुरवायची, दर आठवड्याला टीआरपीचा आकडा आला की चाललेला ट्रॅक वळवायचा, काल रात्री लिहिलेलं आज सकाळी घोडबंदर रोडवरच्या एखाद्या बंगल्यात चित्रित करायचं, हे बाळबोध काम नव्हे. सकाळी नऊ वाजता, दिवे लावणाऱ्या माणसांच्या गर्दीत उभं राहून पोरक्या मुलीसारखं रडायचं, आणि तेच दुपारी दुसऱ्या कोनातून परत रडायचं. मला तरी जमलं नसतं.

‘रात्रीस खेळ चाले’ने आमच्या घरात वेगळाच घोळ घातला. २०१६ पर्यंत माझा नवरा मालिकांच्या वेळी पेपर घेऊन आत जाणारा माणूस. पण तो कुडाळकडचा, आणि ही मालिका तिथून जवळच आकेरीच्या वाड्यात चित्रित होते असं कळल्यावर पेपरासकट बाहेर येऊन बसला. सुरुवातीला मालवणी तपासायला. “असां कोण बोलता?” असं दर दोन वाक्यांनी. मग माडाच्या सावल्या, खळ्यातला अंधार, पडवीतल्या बाकावर कोणीतरी बसून गेल्यासारखं वाटणं, यात अडकला. त्याच्या आत्याच्या घरी अगदी तसाच बाक आहे, आणि लहानपणी त्यावर संध्याकाळनंतर कोणी बसायचं नसे, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या मालिकेमुळे कळलं. पहिल्या पर्वात अण्णा नाईक मरतात आणि खेळ सुरू होतो. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात मालिका मागे गेली आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत होऊन वाड्यात फिरू लागले. हा माणूस मरणार आहे, इतकंच नाही तर मेल्यावर भूत म्हणून छळणार आहे, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. खोटारडा, बाईवेडा, खुनशी. तरी त्याची आणि शेवंताची चाहूल लागली की आमच्याकडे पंख्याचा वेग कमी केला जायचा, ऐकू यावं म्हणून. शेवट आधी सांगून टाकल्याने भीती कमी होते असं कोण म्हणतं? भुताला भूत व्हायला काय काय करावं लागलं ते बघण्यात जास्त भीती आहे.

सोव्हिएत अणुवीज केंद्रातल्या स्फोटावरचं ‘चेर्नोबिल’ही शेवटापासूनच सुरू होतं. वालेरी लेगासोव्ह हा शास्त्रज्ञ टेपवर सगळं बोलून ठेवतो, टेपा लपवतो आणि गळफास घेतो. मग आपण दोन वर्षं मागे, २६ एप्रिल १९८६ च्या रात्री जातो. स्फोट होणार हेही जगाला माहीत. पाचच भाग. घरातले सगळे झोपल्यावर मी ते बघायला घेतलं आणि पहिल्याच भागात उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आले. भूत नाही, खुनी नाही. किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र ३.६ दाखवतं आणि अधिकारी म्हणतात, ठीक आहे, फार नाही. त्या यंत्राचा काटा ३.६ च्या पुढे जातच नाही, हे सांगायला कोणी धजत नाही. त्यातलं संगीतसुद्धा हिल्दूर गुड्नादोतिर या बाईंनी लिथुआनियातल्या बंद पडलेल्या अणुवीज केंद्रात जाऊन तिथले आवाज टिपून केलेलं आहे, त्यामुळे घुमणारी खोली आणि वाद्य यातला फरक कळेनासा होतो. एका भागानंतर लगेच झोपणं शक्य नव्हतं. म्हणून ‘हास्यजत्रा’ लावली. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि एकांकिका स्पर्धांमध्ये मुरलेल्या माणसांचं ते बेफाम टायमिंग. मधेच नटालाच हसू फुटतं, तो तोंड फिरवतो, आणि मला तर ते लिहिलेल्या विनोदापेक्षाही आवडतं. भाच्याला जी जोडी चमत्कारिक वाटली, ती मला त्या रात्री औषध आणि पथ्य यांच्यासारखी वाटली होती.

हसण्याचाही एक प्रकार नाही. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये काहीच होत नाही, आणि त्यासाठीच ती मालिका बघायची. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. प्रश्न येतो तो गॅस सिलिंडर किंवा पाहुणे एवढाच, आणि शेवटी कोणीतरी डायरी लिहायला बसतं. दिलीप प्रभावळकर आबा झाले तेव्हा साठीचेही नव्हते. आई त्यांना कधी आबा म्हणाली नाही; तिच्यासाठी ते कायम त्यांच्या जुन्या मालिकेतले चिमणराव. “चिमणराव किती म्हातारा दिसायला लागला,” असं म्हणायची आणि मला तो मेकअप आहे हे पटवून द्यावं लागायचं. मालिकांचे लोक असेच एकातून दुसरीत चालत येतात.

गेल्या वर्षी आई गुडघ्याचं ऑपरेशन करून माझ्याकडे राहायला होती, तेव्हा मी ‘रिप्लाय १९८८’ बघत होते. सोल शहरातल्या सांगमुन-डाँग नावाच्या वस्तीतली एक गल्ली, पाच घरं, ऑलिंपिकचं वर्ष. नायिकेचा बाप बँकेत, आणि मित्राला जामीन राहिल्यामुळे कर्जात बुडालेला, म्हणून ते कुटुंब तळघरातल्या अंधाऱ्या खोल्यांत राहतं. आई चष्मा लावून समोर बसली. खालची इंग्रजी अक्षरं तिला एवढ्या झपाट्याने वाचता येत नव्हती, आणि भाषेचा तर प्रश्नच नाही. मी अधूनमधून सांगायला लागले तर हाताने गप्प केलं. पहिल्याच भागात संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी एका घरातून दुसऱ्या घरात भाजीचा वाडगा जातो, तिथून तिसऱ्या घरात दुसरं काही, मुलं नुसती जिन्यावरून वरखाली पळतायत, आणि शेवटी प्रत्येकाच्या ताटात सगळ्यांचं सगळं. आई म्हणाली, “वाटी रिकामी परत द्यायची नाही हे त्यांच्यातही आहे की.” नंतर थोड्या वेळाने, “हा बाप जामीन राहिलाय ना कोणाला?” मी ते तिला सांगितलं नव्हतं. कसं कळलं, विचारलं तर म्हणाली, तोंडावरून.

आता ती परत डोंबिवलीला आहे. संध्याकाळी तिची मालिका असते, त्या वेळात फोन केला तर चालत नाही. ती मात्र करते, जाहिरातींमध्ये. आज काय झालं ते सांगते, त्यात जे झालं त्याच्याबरोबर जे व्हायला हवं होतं तेही मिसळते, आणि कुठलं खरं कुठलं तिचं हे ओळखायची जबाबदारी माझी. परवा सांगत होती की धाकट्या सुनेने तडक वकिलाकडे जायला हवं, पण ही लेखक मंडळी तिला देवळात पाठवतायत. मी म्हटलं, कदाचित पुढच्या आठवड्यात जाईल. “कसली जातेय,” आई म्हणाली, “वकिलाचं काम करणारा तो पोरगा आता दुसऱ्या चॅनलवर डॉक्टर झालाय. चल ठेव, सुरू झालं.”